रक्ताची पारख



आठवड्याच्या बाजारात मडके घेताना आपण काय करतो? बोटाने टिचकी मारतो. आवाज खणखणीत आला तर पैसे देतो, बद्द आला तर मडके परत ठेवतो. पेरणीआधी मूठभर बियाणे ओल्या फडक्यात बांधून त्याची उगवण पाहतो. मडके आणि बियाणे आपण पारखून घेतो. मग एका माणसाचे रक्त दुसऱ्या माणसाच्या अंगात घालायचे, ते पारखल्यावाचून कसे चालेल?

या पाठात आपण रक्ताच्या पारखीची माहिती घेऊ. रक्तात लपून बसणारी एक कावीळ आहे. तिला डॉक्टर लोक 'हिपॅटायटिस सी' म्हणतात. रक्त देणाऱ्या धडधाकट माणसांतही ती सापडते. किती जणांत सापडते, कशी सापडते आणि सापडली तर काय करायचे, हे प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. ते ठाऊक नसल्यामुळे काय होते, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. तीच हकीकत आधी सांगतो.

तसबिरीमागचे पत्र

आमच्या रात्रीच्या वर्गात एक गवंडी येत असे. वय चाळीसच्या आतबाहेर. हाताला काम चांगले, पण लहानपणी शाळा सुटलेली. दोन वर्षांत तो जोडाक्षरांसकट वाचू लागला. २०२२ सालच्या एप्रिलमध्ये, १४ तारखेच्या जयंतीला, गावात रक्तदान शिबिर झाले. त्यात त्याने पहिल्यांदा रक्त दिले. बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र घेऊन तो मोठ्या आनंदाने घरी गेला.

तीन आठवड्यांनी त्याला रक्तपेढीचे पत्र आले. रक्तपेढीला आता सरकारी कागदांत 'रक्तकेंद्र' म्हणतात. पत्रात दोनच ओळी होत्या. 'आपण दिलेल्या रक्ताच्या तपासणीसंबंधी रक्तकेंद्रात समक्ष यावे व समुपदेशकांची भेट घ्यावी.' आमच्या या शिष्याने अक्षर न् अक्षर वाचले. पण 'समुपदेशक' हा शब्द त्याने कधी ऐकला नव्हता. त्याला वाटले, हा कोणी कचेरीतला किंवा पोलिसातला साहेब असणार. त्याने पत्राची घडी केली आणि देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. बायकोलाही सांगितले नाही.

रक्तपेढीतून फोनही आले. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलले नाहीत. पुढे एका सोबत्याजवळ तो बोलला. सोबती म्हणाला, "रक्त दिलंस ना, तिथंच सुईतून काहीतरी शिरलं असणार." झाले! गावात कुजबुज सुरू झाली. पुढच्या शिबिराला निम्मी माणसे आली नाहीत. गवंडीदादाने वर्गात येणे सोडले. घरात त्याने आपले ताट-तांब्या वेगळे केले. धाकट्या मुलीला जवळ घेईनासा झाला.

श्रावणात आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने ते पत्र काढून आमच्या हातात दिले. म्हणाला, "गुरुजी, वाचता येतं, पण कळत नाही. तुम्हीच सांगा, किती दिवस राहिलेत माझे?"

हा प्रश्न ऐकून आम्ही खाली बसलो. चौतीस वर्षे शाळेत शिकवले, पण वाचता येणे आणि कळणे यांतले अंतर त्या दिवशी जितके जाणवले तितके कधी जाणवले नव्हते. समुपदेशक म्हणजे दुसरा-तिसरा कोणी नाही, रोगाविषयी नीट समजावून सांगणारा आणि सल्ला देणारा माणूस. रोगाचे नाव पत्रात मुद्दामच लिहीत नाहीत. पत्र दुसऱ्याच्या हाती पडले तर चारचौघांत बोभाटा नको, म्हणून. भल्यासाठी केलेली ही काळजी, पण वाचणाऱ्याला तीच भीतीची वाटली.

काळीज आणि कावीळ

आपल्या पोटात उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. बकऱ्याच्या अंगातल्या या भागाला आपण काळीज किंवा कलेजी म्हणतो. यकृत म्हणजे अंगातला मोठा कारखाना. अन्नातली साखर साठवणे, पित्त तयार करणे, विषारी द्रव्ये निकामी करणे, जखमेतले रक्त गोठवणारे पदार्थ बनवणे, अशी शेकडो कामे ते करते. यकृताला सूज आली की पुष्कळदा डोळे आणि लघवी पिवळी होते. त्याला आपण कावीळ म्हणतो. कावीळ ही खूण आहे. खरा रोग यकृताच्या सुजेत असतो.

ही सूज आणणारे विषाणू अनेक आहेत. ए आणि ई हे दोन घाण पाण्यातून व अन्नातून येतात. पावसाळ्यात गावात काविळीची साथ येते ती बहुधा यांची. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणूनच गळ्यात काविळीची माळ घातली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, की गुण आला असे वाटते. माळेने काही केलेले नसते. रोग आपल्या वेळेने गेलेला असतो.

बी आणि सी हे दोन विषाणू मात्र रक्तातून पसरतात. बी म्हणजे जिला पुष्कळ लोक पांढरी कावीळ म्हणतात ती. तिच्यावर लस आहे आणि ती बाळाला जन्मल्याबरोबर देतात. सी वर अजून लस नाही. पंजाब-हरियाणाकडे सी ला 'काळा पीलिया' म्हणतात.

सी चा स्वभाव मोठा लबाड आहे. अंगात शिरल्यावर बहुतेकांना काही कळतच नाही. ताप नाही, डोळे पिवळे नाहीत. शंभरांपैकी साधारण तीस जणांचे शरीर सहा महिन्यांच्या आत त्याला आपणहून घालवून देते. उरलेल्या सत्तरांच्या अंगात तो मुक्काम करतो. माणूस जेवतो-खातो, कामाला जातो, आणि आत यकृत हळूहळू झिजते. वाळवी लागलेली तुळई बाहेरून धडच दिसते, तसे. वीस वर्षांत अशा शंभरांपैकी पंधरा ते तीस जणांचे यकृत आक्रसून निबर होते. त्यातल्या काहींना पुढे यकृताचा कर्करोग होतो. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली, तेव्हा कुठे घरच्यांना कळते. तोवर फार उशीर झालेला असतो. दारू पिणाऱ्याच्या बाबतीत ही वाट आणखी लवकर सरते.

नाव नसलेला रोग

या विषाणूचा शोध लागला तोच मुळी रक्तदानामुळे. ती कथा ऐकण्यासारखी आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेत रक्त विकत मिळत असे. पैशाची नड असलेली माणसे वारंवार रक्त विकत. मोठ्या शस्त्रक्रियेत ते रक्त घेतलेल्या रुग्णांना पुढे यकृताची सूज येई. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मोजदाद केली, तेव्हा रक्त घेतलेल्या शंभरांपैकी तीसहून अधिक जणांना हा त्रास झालेला दिसला. १९६५ च्या सुमारास बारुक ब्लूमबर्ग यांच्या संशोधनातून बी काविळीची खूण सापडली आणि रक्तात ती तपासता येऊ लागली. १९७० साली त्या रुग्णालयाने विकतचे रक्त बंद केले, स्वेच्छेने दिलेलेच रक्त घेतले आणि बी ची तपासणी सुरू केली. तेव्हा तीसचा आकडा दहाच्या आसपास उतरला.

पण दहा उरलेच! ए नाही, बी नाही, मग हा कोण? हार्वे ऑल्टर नावाच्या डॉक्टरांनी या उरलेल्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. रोगाला नाव नव्हते, म्हणून त्याला 'ए नव्हे, बी नव्हे' असेच म्हणत. शेवटी १९८९ साली मायकेल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू शोधून काढला. त्याला 'सी' हे नाव पडले. पुढे चार्ल्स राइस यांनी हा विषाणू एकटाच रोग घडवतो हे दाखवून दिले. ऑल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू सापडला, तशी त्याची चाचणीही निघाली. आपल्या देशात २००१-०२ च्या सुमारास दान केलेल्या प्रत्येक पिशवीची सी साठी तपासणी सक्तीची झाली. आज रक्तपेढीत प्रत्येक पिशवी पाच रोगांसाठी तपासतात : एड्सचा विषाणू एचआयव्ही, बी कावीळ, सी कावीळ, गरमी आणि हिवताप. यांपैकी एकाचाही संशय आला, तर ते रक्त कोणालाही देत नाहीत, नष्ट करतात.

रक्तदात्यांत किती?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रक्त देणाऱ्या किती जणांत सी चा संसर्ग सापडतो?

आपल्या देशात बहुतेक ठिकाणी हे प्रमाण शेकडा एकाच्या आत असते. म्हणजे हजार रक्तदाते घेतले, तर त्यांत दहापेक्षा कमी. पुष्कळ ठिकाणी तीन-चार. बी काविळीचे प्रमाण याहून जास्त असते. सर्व देशाचा विचार केला, तर २०२२ साली भारतात सी चे सुमारे ५५ लाख रुग्ण असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एकशे चाळीस कोटींत ५५ लाख म्हणजे हजारांत जवळजवळ चार. पंजाबात हे प्रमाण पुष्कळ जास्त आढळले, म्हणून तेथील सरकारने २०१६ साली फुकट औषधाची खास योजना काढली.

पण आकडा ऐकला की लगेच मान डोलवू नये. 'कोणाचा आकडा?' असे आधी विचारावे. आम्ही गणिताच्या तासाला मुलांना हेच सांगत असू. रक्तदात्यांचा आकडा म्हणजे गावाचा आकडा नव्हे. का, ते पाहा.

एक : रक्तदाते हे निवडून घेतलेले लोक असतात. वय १८ ते ६५, वजन ४५ किलोच्या वर, रक्त भरपूर, अंगात ताप नाही. कावीळ झाली होती का, गोंदवून घेतले का, हे विचारून काहींना आधीच परत पाठवतात. तेव्हा आजारी माणसे या गणतीत येतच नाहीत. निवडलेल्या ज्वारीतले किडके दाणे मोजून सगळ्या कणगीचा हिशेब लावता येत नाही, तसेच हे.

दोन : रक्त कोणत्या कारणाने दिले, यानेही फरक पडतो. पैसे घेऊन रक्त विकणारा माणूस आपला आजार लपवतो, कारण त्याला पैसे हवे असतात. म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून आपल्या देशात रक्त विकण्यावर बंदी आली. नातेवाईक रुग्णालयात आहे म्हणून घाईने रक्त देणाऱ्यालाही 'मला असे असे झाले होते' हे सांगणे जड जाते. घरचे सगळे त्याच्या तोंडाकडे बघत असतात. आपखुशीने, मनात कोणतीही ओढाताण नसताना देणारा माणूस खरे सांगतो. म्हणून स्वेच्छेने दिलेले रक्त सर्वांत भरवशाचे.

तीन : पहिल्यांदा देणारा आणि नेहमी देणारा यांतही फरक असतो. जो दर चार-सहा महिन्यांनी देतो, त्याचे रक्त दर वेळी तपासले जाते. दोष सापडलेला माणूस पुन्हा येत नाही. म्हणून नेहमीच्या दात्यांत प्रमाण फार कमी असते.

चार : चाचणी काय शोधते, हेही पाहावे. त्याचे पुढे सांगतो.

थोडे म्हणून सोडता येत नाही

कोणी म्हणेल, "हजारांत चार म्हणजे काही विशेष नाही. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला?" चला, हिशेब मांडू.

आपल्या देशात वर्षाला एक कोटीहून अधिक पिशव्या रक्त गोळा होते. हजारांत चार धरले, तर एक कोटीत चाळीस हजार पिशव्या होतात. पुन्हा एका पिशवीतून तांबड्या पेशी, रक्तबिंबिका आणि रक्तद्रव असे तीन भाग वेगळे करता येतात. म्हणजे एक पिशवी तीन रुग्णांना जाऊ शकते. तपासणी नसती, तर दर वर्षी लाखभर रुग्णांच्या अंगात दोषी रक्त गेले असते!

दुसरा हिशेब घ्या. काही मुलांना जन्मापासून थॅलेसेमिया हा आजार असतो. त्यांचे रक्त अंगात नीट तयार होत नाही. दर दोन ते चार आठवड्यांनी त्यांना रक्त द्यावे लागते. समजा, एका मुलीला महिन्याला दोन पिशव्या लागतात. वर्षाला चोवीस. दहा वर्षांत दोनशे चाळीस. हजारांत चार दोषी असतील, तर दोनशे चाळीसांत जवळजवळ एक. म्हणजे तपासणी नसेल, तर ती मुलगी दहा-बारा वर्षांची होईतो एक दोषी पिशवी तिच्या वाट्याला येणार, असे धरूनच चालावे. आपल्यासाठी 'हजारांत चार' हा लहान आकडा आहे. त्या मुलीच्या आईला विचारा, तो लहान आहे का.

तपासणी येण्यापूर्वी अशी कितीतरी मुले या रोगाने गाठली. म्हणून एक सूचना येथेच करतो. ज्यांना २००१-०२ च्या आधी कधी रक्त दिले गेले असेल, बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेत, त्यांनी एकदा सी ची तपासणी करून घ्यावी.

चाचणीच्या दोन अडचणी

चाचणी चांगली आहे, पण ती देवाची वाणी नव्हे. तिच्या दोन अडचणी समजून घ्या.

चोर घरात शिरला की अंगणात पावलांचे ठसे उमटतात. विषाणू अंगात शिरला की रक्तात त्याच्याविरुद्ध लढणारी द्रव्ये तयार होतात. नेहमीची चाचणी हे ठसे शोधते, चोराला नव्हे. पण ठसे उमटायला वेळ लागतो, साधारण दोन महिने. या काळात रक्तात विषाणू असतो आणि चाचणी मात्र 'काही नाही' म्हणते. प्रत्यक्ष विषाणू शोधणारी दुसरी चाचणीही आहे. ती एक-दोन आठवड्यांतच त्याला पकडते. पण ती महाग आहे आणि सगळ्या रक्तपेढ्यांत तिची सोय नाही.

येथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. त्या शिबिराच्या दिवशी ध्वनिक्षेपकावर आम्हीच सांगितले होते, "मंडळी, रक्त द्या, म्हणजे तुमची सगळी तपासणी फुकटात होईल!" माणसे यावीत म्हणून बोललो. पण हे बोलणे बरोबर नव्हते. ज्याला आपल्याविषयी शंका आहे, तोच फुकट तपासणीसाठी रक्त द्यायला येणार. आणि त्या दोन महिन्यांच्या आतला असला, तर त्याचे रक्त चाचणीतून निसटून कोणा रुग्णाच्या अंगात जाणार. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात जाऊन तपासणी करावी. रक्तदान हे तपासणीचे साधन नव्हे. आता आम्ही ध्वनिक्षेपकावर हेच सांगतो.

दुसरी अडचण उलटी आहे. काही वेळा चोर आलेलाच नसतो, पण भलताच ठसा पाहून चाचणी ओरडते. समजा, हजार दात्यांत चार खरे बाधित आहेत. उरलेल्या ९९६ निरोगी माणसांपैकी तिघांच्या बाबतीत चाचणी चुकली. मग रक्तपेढी सात पिशव्या बाजूला काढील आणि सात जणांना बोलावील. त्यांतले तिघे निरोगीच असतील! पिशव्या सातही नष्ट करायच्या, कारण तेथे जोखीम नको. पण माणसांची गोष्ट वेगळी. त्या सातांची पुन्हा तपासणी करूनच कोण बाधित ते ठरवायचे.

शिवाय, शंभरांत तीस जणांचे शरीर विषाणूला आपण होऊन घालवते, हे मागे सांगितले. त्यांच्या रक्तात ठसे राहतात, चोर मात्र गेलेला असतो. म्हणून रक्तपेढीने बोलावले, याचा अर्थ 'रोग झाला' असा नव्हे. 'आणखी तपासणी हवी' एवढाच त्याचा अर्थ.

रोग येतो कुठून?

सी विषाणू एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जातो. दुसऱ्याला वापरलेली सुई किंवा इंजेक्शनची नळी, नशेसाठी एकाच सुईची देवाणघेवाण, जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणे, न्हाव्याने न बदललेले पाते, नीट न उकळलेली दातांच्या दवाखान्यातली हत्यारे, हे त्याचे रस्ते आहेत. आईकडून पोटातल्या बाळाला तो कधी कधी जातो.

एका ताटात जेवल्याने, पाणी प्यायल्याने, हातात हात घेतल्याने, मुलाला कडेवर घेतल्याने, खोकल्याने, डासाने तो जात नाही. आणि रक्त दिल्याने तर मुळीच होत नाही. रक्त घेताना प्रत्येकासाठी नवी, बंद पिशवीतली सुई असते आणि ती एकदा वापरून नष्ट करतात.

सुईचे काय परिणाम होतात, याचा मोठा धडा ईजिप्त देशाने घेतला. नाईल नदीच्या पाण्यातून तेथे शेतकऱ्यांना एक जंताचा आजार होई. तो घालवण्यासाठी १९५० च्या दशकापासून १९८० च्या सुमारापर्यंत सरकारने गावोगाव इंजेक्शने दिली. हेतू चांगला होता. पण काचेच्या नळ्या आणि सुया पुन्हा पुन्हा वापरल्या. उकळण्यात कसूर झाली. जंत कमी झाले, पण सी विषाणू घरोघर पोचला. २००८ सालच्या पाहणीत १५ ते ५९ वर्षांच्या शंभर माणसांत जवळजवळ पंधरांच्या रक्तात त्याचे ठसे सापडले.

पुढे त्याच देशाने कंबर कसली. २०१८-१९ मध्ये काही महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांची तपासणी केली. ज्यांच्यात विषाणू सापडला त्यांना फुकट औषध दिले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामाबद्दल ईजिप्तचा गौरव केला. ज्या देशात हा रोग सर्वांत जास्त होता, तोच देश आज जगाला धडा देतो.

आपल्याकडेही साध्या तापाला 'सुई मारा' असा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत. गोळीने काम होत असेल तर सुई मागू नका. सुई घ्यावीच लागली, तर नवी पुडी आपल्यासमोर फोडायला सांगा. असे सांगण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

औषध आहे

एके काळी या रोगावर वर्षभर इंजेक्शने घ्यावी लागत, त्रास फार होई आणि गुण निम्म्यांनाच येई. २०१३ नंतर पोटात घ्यायच्या नव्या गोळ्या आल्या. २०१५ पासून त्या आपल्या देशात स्वस्तात तयार होऊ लागल्या. बहुतेकांना रोज गोळ्या घ्याव्या लागतात, बारा आठवडे. शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक जण पूर्ण बरे होतात. यकृत आधीच फार निबर झाले असेल, तर औषध जास्त दिवस लागू शकते.

२८ जुलै २०१८ रोजी आपल्या सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात सी ची तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. मध्येच गोळ्या सोडू नयेत, दारूला शिवू नये, आणि झाडपाल्याच्या नावाखाली भलतीसलती औषधे घेऊ नयेत. त्यांतली काही यकृतालाच मारक ठरतात.

पत्राचे पुढे काय झाले?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी. ने आम्ही गवंडीदादाबरोबर रक्तपेढीत गेलो. समुपदेशक एक बाई होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, दार लावले आणि सगळे समजावून सांगितले. तेथून जिल्हा रुग्णालयात पाठवले. विषाणू शोधणारी चाचणी झाली. त्याच्या रक्तात विषाणू होता. यकृत मात्र फार बिघडलेले नव्हते.

रोग त्याला कोठून आला, हे नक्की सांगता येत नाही. लहानपणी जत्रेत हातावर नाव गोंदवले होते, तापात सुया घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "कुठून आला ते शोधत बसू नका. कसा घालवायचा ते पाहू." बायको आणि दोन्ही मुली यांची तपासणी झाली, तिघीही ठीक निघाल्या. ते कळले तेव्हा हा बाप्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात रडला.

चौऱ्याऐंशी दिवस त्याने गोळ्या घेतल्या. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारी. औषध संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी पुन्हा तपासले. विषाणू गेला होता. चार महिने पत्र तसबिरीमागे राहिले, तेवढे दिवस फुकट गेले. पण असे पत्र आलेच नसते, तर वीस वर्षे गेली असती. तेव्हा रक्त देण्याने त्याला रोग झाला नाही. रक्त दिल्यामुळे तो वेळीच कळला, एवढे खरे. तरी शंका घेऊन रक्त द्यायला जाऊ नये, हे वर सांगितलेच आहे.

हा रोग होऊन बरा झालेल्या माणसाने पुढे रक्त देऊ नये, असा नियम आहे. त्याचे त्याला वाईट वाटले. पण आता शिबिर असले की तो नावनोंदणीच्या मेजाशी बसतो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना अर्जातले प्रश्न मोठ्याने वाचून दाखवतो. "कावीळ झाली होती का? गोंदवलंय का? खरं सांगा बरं, लाजू नका," असे सांगतो. आणि कोणी विचारले, तर 'समुपदेशक' या शब्दाचा अर्थही सांगतो.

लक्षात ठेवा

१. आपखुशीने रक्त द्या. पुरुषांनी तीन महिन्यांनी आणि स्त्रियांनी चार महिन्यांनी पुन्हा देता येते.

२. अर्जातल्या प्रश्नांची खरी उत्तरे द्या. तुमचे खरे बोलणे ही रक्ताची पहिली चाचणी आहे.

३. स्वतःविषयी शंका असेल तर त्या वेळी रक्त देऊ नका. सरकारी रुग्णालयात तपासणी करा.

४. रक्तपेढीचे पत्र किंवा फोन आला, तर आठवड्याच्या आत जा. घाबरू नका, लपवू नका.

५. पहिल्या चाचणीवरून रोग ठरत नाही. दुसरी चाचणी करून घ्या.

६. सी कावीळ बरी होते. औषध फुकट आहे.

७. बाधित माणसाचे ताट-पेला वेगळे करू नका. त्याचे पाते, दात घासण्याचा ब्रश आणि सुई मात्र दुसऱ्याने वापरू नये.

वर्गात चर्चा करा

१. रक्तदात्यांतले प्रमाण आणि गावातले प्रमाण वेगवेगळे का असते?

२. हजारांत चार या हिशेबाने तुमच्या तालुक्यात सी काविळीचे किती रुग्ण असतील? तालुक्याची लोकसंख्या विचारून गणित करा.

३. तुमच्या घरी असे एखादे पत्र आहे काय, जे वाचले पण कळले नाही? ते उद्या वर्गात घेऊन या. आपण मिळून वाचू.